तीस वर्षांनी येणारं गिऱ्हाईक

किस्से कोणी आणून ठेवत नाही. पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर गाळ सापडतो ना, तसे ते सापडतात. काल नुसतं पाणी होतं, आज हातभर चिखल! आमच्या ऑनलाइन एमबीएचं तसंच झालं. दोन वर्षं वाटत होतं, आपण शिकतोय. पाणी उतरलं तेव्हा हाताला लागलं ते हे. डिग्रीचं विचाराल तर ती आहे. पेटीत, चिमीच्या लसीकरणाच्या कार्डाखाली. कार्ड जास्त वेळा लागतं.

*

अठ्ठ्याण्णव साल. बनारसमध्ये सिगऱ्याला एका मिठाईच्या दुकानावर सेंटर उघडलं आणि बोर्ड लागला, 'ऑनलाइन एमबीए, घर बैठे!'

मी दूधविनायकाच्या गल्लीत सून होऊन आलेली बीकॉम. कडेवर सव्वा वर्षाची चिमी, आणि डोक्यात कायमची एक धास्ती, की ही मोठी होऊन विचारेल, 'आई, तू काय करायचीस?' आणि मला पोळ्यांखेरीज काही आठवणार नाही. 'घर बैठे' वाचलं आणि फॉर्म भरला.

पहिल्याच दिवशी कळलं, लेक्चरला सेंटरवर यायचंय. आठवड्यातून चार दिवस, पाच ते सात. सेंटर सांभाळणाऱ्या दुबेजींना मी भीतभीत विचारलं, "लेकिन बोर्ड पर तो घर बैठे लिखा है?"

दुबेजी शांतपणे म्हणाले, "मॅडम, घर बैठे तो प्रोफेसर साहब हैं. आप लोगों को तो आना पड़ेगा!"

सासूबाई दोन वर्षं एकच प्रश्न विचारत राहिल्या. "घरबसल्या शिकायला रोज कुठे जातेस गं?"

*

आम्ही सात जण होतो. त्यातले दोन सांगते, बाकीचे परीक्षेपर्यंत टिकलेच नाहीत. एक रिझवान, साड्यांच्या गद्दीवरचा, म्हणजे पेढीवरचा, सगळ्यात चलाख. आणि दुसरे नाना. वय अठ्ठावन्न, कपाळाला गंध, धोतरावर स्वेटर, हातात रेक्झिनची बॅग.

सर दिल्लीहून सॅटेलाइटवरून पडद्यावर यायचे. पहिल्या दिवशी आले आणि म्हणाले, "गुड इव्हनिंग, वाराणसी!" आम्ही सातही जण उभे राहिलो आणि एका सुरात म्हटलं, "गुड इव्हनिंग, सर!" सरांनी आमच्याकडे न बघता म्हटलं, "गुड इव्हनिंग, भोपाळ!"

दुबेजी मागून म्हणाले, "बैठ जाइए. उनको कुछ सुनाई नहीं देता."

सगळे खजील होऊन बसले. नाना हात जोडून उभेच. मी हळूच म्हटलं, "नाना, बसा. त्यांना ऐकू जात नाही."

"सूनबाई," नाना म्हणाले, "विश्वनाथाला तरी ऐकू जातं हे कोणी पाहिलंय? म्हणून नमस्कार सोडतो का आपण?"

*

नाना आमच्याच गल्लीतले, अहिल्याबाई घाटावरचे तीर्थोपाध्ये. घाटावर त्यांची पिढीजात छत्री. म्हणजे बांबूची मोठी छत्री, तिच्याखाली लाकडी तखत. महाराष्ट्रातून घराणी काशीला यायची, नाना त्यांचे विधी करायचे, आणि कोण आलं, कोणाला घेऊन आलं, ते लांबलचक वह्यांत लिहून ठेवायचे. त्या वह्या त्यांच्या आजोबांच्या आधीपासूनच्या.

मुलगा श्रीधर पुण्याला कंपनीत. तो दर रविवारी फोनवर सांगायचा, "नाना, मिटा आता ती छत्री. वह्या कोणाला तरी देऊन टाका नि इकडे या." नाना 'हो' म्हणेनात आणि 'नाही'ही म्हणेनात. काशीत शंका आली की शास्त्र्याला विचारायची रीत. धंद्याचं शास्त्र सांगणारे पडद्यावर येतात हे कळलं आणि नानांनी प्रवेश घेतला! एमबीएला येण्याचं इतकं सरळ कारण मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलं नाही.

"बाकी मला काही नको," ते म्हणायचे. "एवढंच सांगावं त्यांनी, छत्री ठेवू की मिटू."

*

मार्केटिंगच्या तासाला सर म्हणाले, "ज्या धंद्याला रिपीट कस्टमर नाही, तो धंदा नाही."

नाना चुळबुळले. प्रश्न विचारायचा तर कोपऱ्यातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर टाइप करायचा आणि फोनची लाइन लागली तर पाठवायचा. नानांचं एक बोट चालायचं, म्हणून टायपिंग माझ्याकडे.

"लिही, सूनबाई. सर, आमचा रिपीट कस्टमर येतो, पण तीस वर्षांनी. तोही बापाच्या अस्थी घेऊन. असा धंदा चालवावा की बंद करावा?"

मी जमेल तसं इंग्रजी केलं. पाठवलं. आठवड्याने उत्तर आलं, 'तुमचा प्रश्न संबंधित प्राध्यापकांकडे पाठवण्यात आला आहे.' नानांनी ते वाचून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं. परत पाठव."

तो प्रश्न आम्ही किती वेळा पाठवला ते मी मोजणं सोडून दिलं. उत्तर दर वेळी तेच. पूर्णविरामसुद्धा तोच!

*

बनारसची लाइट आणि आमचे सर यांचं काहीतरी जुनं वैर होतं. बिझनेस एथिक्सचं शेवटचं लेक्चर. सर पुढे झुकून म्हणाले, "दोन तास मी जे बोललो ते विसरलात तरी चालेल. नीतीचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा, की..."

लाइट गेली.

खालच्या मिठाईवाल्याचा जनरेटर सुरू झाला, आमचा कधी नव्हताच. रिझवानने नंतर पुस्तकात शोधलं, तर तिथे ती चार पानंच नव्हती! तेव्हा आमच्या बॅचच्या कोणी पुढे धंद्यात लबाडी केली तर दोष द्यायला जागा नाही. मुद्दाच कळलेला नाही.

*

असाइनमेंट फ्लॉपीवर द्यायची. त्या महिन्यात चिमीला अकरा दिवस ताप होता. औषधाने उतरायचा आणि परत चढायचा. डॉक्टर म्हणाले, तक्ता ठेवा. मला वाटलं, एमबीए करतेय तर तक्ता तरी धड करावा. ह्यांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून वार, वेळ, ताप, औषध, सगळे रकाने केले. आणि सेंटरवर चुकीची फ्लॉपी देऊन आले.

कळलं तेव्हा फ्लॉपी दिल्लीला निघून गेली होती. मी चांगली आई नाही हे मला माहीत होतंच, आता चांगली विद्यार्थिनीही नाही हे दिल्लीला कळणार!

पंधरा दिवसांनी शेरा आला. 'बी प्लस. माहिती उत्तम गोळा केली आहे. मात्र निष्कर्ष काढण्यात विद्यार्थी कमी पडतो.'

मी तो कागद घेऊन जिन्यातच बसले. ताप कशाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. आपोआप आला, आपोआप गेला. निष्कर्ष तर मलाही हवा होता.

*

एकदा सरांना काय झालं कोण जाणे, त्यांनी पडद्यावरून थेट आम्हाला पकडलं. "वाराणसी! मला एक उदाहरण द्या. टाइप करा, मी थांबतो."

कोणी वाचून आलेलं नव्हतं. रिझवान उठला, कॉम्प्युटरशी गेला आणि टाइप करून आला. मिनिटाभराने सरांनी वाचलं, 'सर, आवाज कट रही है. प्लीज रिपीट.' सरांनी बिचाऱ्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. रिझवानने पुन्हा तेच पाठवलं. तिसऱ्या वेळी सर कंटाळून भोपाळकडे वळले.

तेव्हापासून तो आमचा मंत्रच झाला. सर काही अवघड बोलले, की आवाज कट!

नाना मात्र भडकले. "चांगला घंटेसारखा खणखणीत आवाज येतोय, आणि गुरूशी खोटं?" त्यांनी पुण्याला फोन लावून श्रीधरकडेही तक्रार केली. "अरे, ही पोरं नको ते ऐकू आलं की आवाज कटतोय म्हणतात!"

"भाभीजी," रिझवान मला म्हणाला, "नाना को बोलिए, कभी जरूरत पड़े तो यह मंतर मुफ्त में ले लें."

*

एका दुपारी नानांनी मला घरी बोलावलं. "तुझं माहेर साताऱ्याकडचं ना? आडनाव, गाव सांग." मी सांगितलं. त्यांनी कापडात बांधलेल्या तीन वह्या सोडल्या, पानं उलटली आणि बोट ठेवलं. माझ्या आजोबांची सही. त्यांच्या आईच्या अस्थी घेऊन आले होते. अक्षर कापरं होतं. माझ्या आठवणीतल्या आजोबांचा हात कधी थरथरला नव्हता.

नानांनी दौत पुढे ओढली आणि खाली माझं नाव लिहिलं, त्याखाली चिमीचं. "पूर्वी मुलींची नावं लिहीत नसत. मी लिहितो. असाइनमेंटमध्ये इनोव्हेशन म्हणून टाकणार आहे!"

"नाना, उपयोग काय पण?"

"तीस वर्षांनी ती इथे आली, एकटी असली, तर घाटावर तिला ओळखणारं कोणीतरी नको?"

असाइनमेंटला बी प्लस मिळाला. आम्हा सगळ्यांनाच मिळायचा.

*

दुसऱ्या वर्षीच्या पौषात नाना गेले. थंडीत पहाटे स्नान करून आले, तखतावर बसले, आणि तिथेच. श्रीधर पुण्याहून आला.

तेराव्यानंतर मी नानांच्या बायकोला, काकूंना, भेटायला गेले. त्यांनी सेंटरचं पाकीट पुढे केलं. "इंग्रजीत आहे. वाच बघू, काय लिहिलंय?"

लिहिलं होतं, 'गेल्या दोन आठवड्यांतील आपली अनुपस्थिती गंभीर आहे. यापुढे नियमित राहावे.'

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"प्रगती चांगली आहे, म्हणतात," मी म्हटलं.

काकूंनी ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं.

*

श्रीधर सगळं आवरत होता. वह्या शिंदे घाटावरच्या एका उपाध्यांना द्यायच्या ठरल्या. काकूंना घेऊन तो दुसऱ्या दिवशी पुण्याला निघणार होता. छत्री त्याने आदल्या दिवशीच मिटून दोरीने बांधली होती. दुबेजींचा निरोप आला, नानांची पुस्तकं सेंटरला परत करा. पुस्तकं घेऊन तो माझ्याबरोबरच आला.

शेवटचं लेक्चर होतं. सर प्रसन्न होते. म्हणाले, आज मी राहिलेले सगळे प्रश्न घेणार आहे. जयपूरचा घेतला, भोपाळचे दोन घेतले. मग चष्मा लावून त्यांनी कागद उचलला.

"वाराणसी. मिस्टर नाना. व्हेरी इंटरेस्टिंग केस!"

दुबेजी उभे राहिले. रिझवानने मान खाली घातली. श्रीधर दाराशी होता, हातात पुस्तकांची चळत.

सरांनी प्रश्न पूर्ण वाचला. माझं मोडकंतोडकं इंग्रजी, एकेक शब्द. अस्थी हा शब्द वाचताना ते जरा थांबले. मग फळ्याकडे गेले, एक आलेख काढला आणि सांगायला लागले. लाइट गेली नाही. खरखर नाही, पडद्यावर मुंग्या नाहीत. दोन वर्षांत इतका स्वच्छ आवाज आला नव्हता. खडूचा आवाजसुद्धा येत होता.

"तेव्हा मालकाला माझा सल्ला सरळ आहे," सर म्हणाले. "बंद करा. मिस्टर नाना, आपण आहात ना? ऐकलंत ना? टाइप करा, मी थांबतो."

सर थांबले. खरंच थांबले. पडद्यावरून आमच्याकडे बघत.

मी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. नानांच्या नावाची खिडकी उघडी होती, कर्सर लुकलुकत होता. श्रीधर पुस्तकं घेऊनच माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "लिहा, आवाज कटतोय."