दिवसाचा पहिला गजरा

रविवार कारंजाजवळच्या वळणावर एक बाई सकाळी गजरे घेऊन बसते. फुलं मखमलाबादच्या तिच्या घरच्या मळ्यातली. नाव मी कधी विचारलं नाही, तिनंही माझं विचारलं नाही. विक्री सुरू करण्याआधी दिवसाचा पहिला गजरा ती स्वतःच्या अंबाड्यात माळायची. "आपण माळल्याबिगर इकायचं नाय. सासूची रीत हाय," म्हणायची.

केमो सुरू झाली आणि तिचे केस गेले. तेव्हा डोक्याला घट्ट बांधलेल्या रुमालाच्या गाठीत ती तो पहिला गजरा खोचायची. काही महिन्यांनी केस परत आले ते विरळ, मऊ, कोकराच्या लोकरीसारखे कुरळे. "जल्मात कुरळे नव्हते ताई," असं म्हणत ती पिनांवर पिना लावून त्यात गजरा बसवायची. तो सारखा घसरायचा आणि ती हसायची.

गेल्या सोमवारी डोक्याला पुन्हा रुमाल दिसला. या वेळी गाठीत गजरा नव्हता. तो पाटीतच पडून होता.

"परत केमो?" मी विचारलं.

दातांनी दोरा तोडत ती म्हणाली, "नवं रोप होतं ताई. मूळ धरायच्या आतच उपटलं."

मग तिने मला पाठमोरं बसवलं. "आजपासून पहिला गजरा तुम्हाला. रीत मोडाया नको."

गजरा केव्हाच माळून झाला होता. माझी वेणी मात्र अजून तिच्या हातातच होती, आणि मला मान हलवायचा धीर होत नव्हता.