गप्प म्हणजे हो

वर्ध्याला कॉलेजात होतो तेव्हा बंद पडलेल्या एका जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, गोदामात आम्ही पंधरा-वीस जण जमत असू. लोकांकडून मागून आणलेली पुस्तकं, एक फळा, नाटकाच्या तालमी. अध्यक्ष कुणी नव्हता. सतरंजीवर गोल बसायचं, प्रत्येकाला विचारायचं, आणि एकाचंही ‘नाही’ आलं तर ठराव थांबवायचा. कॉलेजात आम्हाला कुणी काही विचारत नसे, म्हणून मला या रीतीचं फार अप्रूप होतं. पण मी रोहण्यासारख्या खेड्यातला, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. माझी पाळी आली की मान खाली जाई. गप्प म्हणजे हो, असं धरून बैठक पुढे सरके.

संध्याकाळी तिथेच मी मोठ्यांना लिहाय-वाचायला शिकवत असे. नेमानं येणाऱ्या अशा एकट्या मावशीच. त्या दुसऱ्या एका जिनिंगमध्ये कापूस निवडायच्या. अल्लीपूरला दिलेल्या लेकीचं पत्र त्यांना शेजाऱ्याकडे न नेता स्वतः वाचायचं होतं.

एका बैठकीत नाटकवाल्यांनी संध्याकाळची जागा मागितली. वर्ग दुपारी तीनला घ्यावा, असं ठरत होतं. मावशी सहापर्यंत कामावर असतात हे मलाच ठाऊक होतं. पाळी आली. मी सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत राहिलो. ठराव झाला.

मावशी नेहमीसारख्या संध्याकाळी पाटी घेऊन आल्या आणि तालीम चाललेली पाहून परत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना जिनिंगच्या फाटकावर गाठलं आणि ठराव सांगितला.

“तू होता ना तिथं?”

“होतो.”

“मंग बोलला काऊन नाई? मले त म्हणते, मोठ्यानं वाचा, लाजू नका.”

पुढच्या बैठकीला मी त्यांना घेऊन गेलो. त्या दारापाशीच बसल्या. दुपारच्या वर्गाला मी ‘नाही’ म्हणालो, ते कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो.

“मागच्या वेळी हो म्हणाला होतास,” नाटक बसवणारा म्हणाला.

“काहीच म्हणालो नव्हतो.”

त्यानं सरकून गोलात जागा केली. “मावशी, इथं या. तुम्ही सांगा.”

“तुमचं नाटक चालू द्या ना, बाप्पा. मले एक कोपरा द्या. तुमच्या वरडण्यानं माह्या पाटीवरची अक्षरं थोडीच पुसतीन.”

मावशींना कोपरा मिळाला, आणि त्यानंतर बैठकीत प्रत्येकाला हो-नाही तोंडानं सांगावं लागे. मला ते बरेच दिवस जड गेलं.

लेकीचं पत्र आलं तेव्हा तालीम आपोआप थांबली. मावशी बोट ठेवून वाचत होत्या. एका जोडाक्षरापाशी अडल्या, तसा मी सांगायला पुढे झालो.

“आता गप्प राह्य,” त्या म्हणाल्या.