कडेला दाटलेली अक्षरं

माझी भाची बेळगावात अनगोळला माझ्याकडं राहून शिकते. परवा दुपारची जेवणं झाल्यावर तिनं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. "मामा, बघा. परदेशातले सुरुवातीचे प्राइड मोर्चे. जुनं फुटेज आहे."

चित्र मळकं, रंग उतरलेले. पुरुष पुरुषांचे हात धरून रस्त्यानं चालले होते, बायका बायकांचे. कडेला उभे असलेले काही टाळ्या वाजवत होते, काही शिव्या देत होते.

"किती धीट ना ही माणसं? तुमच्या वेळी इकडं असलं काही कानावरसुद्धा आलं नसेल."

माझं डोकं सणकलं. कानावर? अगं, मी हे डोळ्यांनी बघितलंय. निपाणीत, आमच्या समाजमंदिरात, भर दुपारी, सगळ्या गल्लीबरोबर बसून.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी आमच्या बौद्ध गल्लीतला पहिला बी.ए. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. तिच्या लुगड्याचा वास आमच्या घरातनं कधी गेला नाही, आणि त्याच घरात भिंतीवर पदवीच्या काळ्या झग्यातला माझा फोटो. नोकरी बेळगावात, कचेरीत कारकून. दर रविवारी सकाळच्या गाडीनं मी निपाणीला जायचो. आईला भेटायला, असं सगळे म्हणायचे. आईला भेटायचोच. पण जायचो पेंटरसाठी.

पेंटर म्हणजे आमच्याच गल्लीतला, माझ्याच वयाचा. सातवीतनं शाळा सुटलेली. बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांचे बोर्ड त्याच्या हातचे. आमच्या प्रत्येक मोर्चाचा फलक तोच रंगवायचा, आणि मोर्चात फलकाची एक काठी त्याच्याकडं, दुसरी माझ्याकडं. आमचं एकमेकांवर मन होतं. त्याला नाव द्यायचं आम्हाला कधी सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ते कुणापुढं उच्चारणार होतो?

गल्लीतला एक जावई जहाजावर कामाला होता. सुट्टीवर येताना तो व्हिडिओ प्लेअर आणि कॅसेटी घेऊन आला. रविवारी समाजमंदिरात मारामारीचा इंग्रजी सिनेमा लावायचं ठरलं. खिडक्यांना चादरी लावल्या, लेकरं पुढं, बायका डाव्या अंगाला. टीव्हीच्या मागच्या भिंतीवर पेंटरनं रंगवलेला फलक: 'आम्हाला माणूस म्हणून जगू द्या.' निळ्या रंगात, हातभर उंचीची अक्षरं. मी आणि पेंटर मागं एका सतरंजीवर.

कॅसेट तिकडच्या टीव्हीवरनं भरून घेतलेली. त्यामुळं सिनेमाच्या आधी तिकडच्या बातम्यांचं शेपूट आलं. कुठल्यातरी शहरातला मोर्चा. पुरुषांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले, दोघांनी तर रस्त्यातच मुके घेतले.

मग कुणीतरी ओरडलं, "आयला, बाप्ये बाप्यांचा मुका घ्याय लागलेत की रं!"

समाजमंदिर फुटलं हसून. एका म्हाताऱ्यानं मात्र मनापासनं विचारलं, "मोर्चा हाय न्हवं ह्यो? मग मागणी काय हाय ह्यांची?"

"न्हवरा पायजे म्हणत्यात, आज्जा!"

पुन्हा हशा. पेंटर हसत नव्हता. तो पुढं वाकून फलक बघत होता. त्या माणसांच्या हातात घरीच रंगवलेलं कापड होतं. पहिली अक्षरं ऐसपैस, शेवटची कडेला दाटलेली. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "आधी पेन्सिलीनं आखून घ्याय पायजे हुतं. त्यास्नी पेंटर गावला न्हाई वाटतं. मी असतो तर झकास रंगवून दिला असता."

शंभर माणसं खिदळत असताना हा गडी मनानं त्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला होता, हातात ब्रश घेऊन. एवढी मोठी गोष्ट त्यानं मला सांगितली होती.

तेवढ्यात आमच्या पुढच्या रांगेतला एकजण मागं वळला. "ह्या दोघांचं काय कुजबुज चाललंय बघा की. बी.ए. सायेब दर ऐतवारी बेळगावासनं गाडी उगंच धरतोय व्हय?"

माना वळल्या. बायकांच्या बाजूनं आईपण बघत होती. मला घरातल्या भिंतीवरचा माझा फोटो आठवला. आईशपथ, त्या घडीला मला फोटोच आठवला.

आणि मी उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "अरे, ह्या पेंटरला धाडा तिकडं! म्हणतोय, ह्यांचा बोर्ड मी झकास रंगवून देतो!"

छप्पर उडायची वेळ आली. "जा की रं पेंटर! तिकडंच न्हवरा बघ!" कुणी त्याच्या पाठीत थापा मारल्या, कुणी शिट्ट्या. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. तो उठला, चपला शोधल्या आणि गेला. टीव्हीवर मोर्चा अजून चालला होता.

दुसऱ्या कुठल्या गल्लीत वेगळं झालं असतं असं नव्हे. पण आम्ही? पाणवठ्यावर, हॉटेलातल्या वेगळ्या कपावरनं ज्यांच्या बापजाद्यांना लोक हसले होते, ते आम्ही? फलकावरचं ते वाक्य डोळ्यांपुढं टांगून, त्याच्याच समोर बसून, ते रंगवणाऱ्यालाच हसलो. चाळीस वर्षं झाली, हा राग माझा गेला नाही. आणि गल्लीवर रागावायचा मला काय हक्क? हसायला वाक्य तर मीच पुरवलं होतं.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा तो शिडीवर होता. खालनं जाणारा भाजीवाला ओरडला, "पेंटर, फॉरेनची ऑर्डर आली का?" आठ दिवसांत हे बाजारभर झालं होतं.

"चेष्टा केली रं," मी म्हणालो.

तो खाली उतरला नाही. "मी तुला सांगितलं हुतं," तो म्हणाला, "गल्लीला न्हाई."

दिवाळीच्या आधी तो निपाणीतनं गेला. कुणी गोवा म्हणे, कुणी पुणं. मी शोधलं नाही.

हे सगळं परवा भाचीला सांगितलं. ती मला समजुतीच्या स्वरात म्हणाली, "मामा, तुम्हालाही भीती वाटली असणार ना. काळच तसा होता."

"काळाचं नाव घेऊ नको," मी ओरडलोच. "मला पदवी हुती, पगार हुता, बेळगावात खोली हुती. तेच्याकडं एक डबा आणि चार ब्रश. भ्यायचं त्यानं. तो भ्याला न्हाई."

"तो तुमचा मित्र..."

"मित्र न्हवं गं."

तिला कळलं. तिनं लॅपटॉप बंद करायला हात पुढं केला, मी तो धरला. म्हटलं, राहू दे, लाव पुढं. तोच मोर्चा होता असं नाही, पण त्याही फलकावरची शेवटची अक्षरं कडेला दाटली होती. मी अगदी संपेपर्यंत बघितलं. रस्ता रिकामा होऊन झाडूवाले येईपर्यंत.

पेंटरला एवढंसुद्धा बघू दिलं नव्हतं मी.