हाराचे आकडे

फोटो हातात घेतला की ते आधी अंगठ्याने त्याची कड पुसत, चष्मा कपाळावर ढकलत आणि विचारत, "आहेत की गेले?"

कसबा पेठेतल्या एका बोळात त्यांचं फ्रेमचं दुकान होतं. प्रश्न कामाचा होता. माणूस गेलेला असेल तर फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यांना ते हार अडकवायला दोन पितळी आकडे ठोकत. हयात माणसाला आकडे नाहीत. या नियमात त्यांनी मंत्र्यालाही सूट दिली नसती.

आता माझा मूर्खपणा ऐका. तेव्हा मी सॉफ्टवेअर कंपनीत नुकताच चिकटलो होतो. आधी मोबाइल घेतला, मग कॅमेरा, आणि लगेच कलावंत झालो. रस्त्यावरच्या माणसांचे वीस फोटो काढले. सगळे ब्लॅक अँड व्हाइट, कारण त्यात म्हणे दुःख चांगलं दिसतं. प्रदर्शन ठरलं. फ्रेमसाठी गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. ते काहीतरी विचारत होते. मी बोलता बोलता जोरात मान डोलावली. त्यांनी फोटोंना हात जोडले. मला वाटलं, माझ्या कलेला.

उद्घाटनाच्या संध्याकाळी फ्रेम दुकानातून थेट हॉलच्या भिंतीवर लागल्या. मी झब्बा घालून कोपऱ्यात भाषण पाठ करत होतो. भिंतीकडे पाहिलं ते धायरीच्या भाजीवाल्या मावशींनी. फोटोतल्या सगळ्यांना मी हौसेने बोलावलं होतं ना! मावशींनी स्वतःच्या डोक्यावरचे आकडे निरखले आणि हॉलभर ऐकू जाईल असं विचारलं, "आरं बाबा, मला कधी पोचवलंस?"

वीस फ्रेम, चाळीस आकडे, पाहुणे यायला अर्धा तास. बाहेर रिक्षातून बाकीची मयत मंडळी उतरत होती. झब्बा सावरत मी दोन बोळ पलीकडे दुकानात पळालो.

"अहो, हे सगळे जिवंत आहेत!"

"मग तसं सांगायचं. मी विचारलं, सगळेच गेले का? तुम्ही मान डोलावलीत."

"पण एकदम वीस जण?"

"म्हटलं, मोठा अपघात दिसतोय. आणि रंगीत फोटोंच्या जमान्यात जित्या माणसाला काळंपांढरं करतंय कोण?"

पक्कड घेऊन ते आले. फोटोकडे बघायचं, समोरच्या माणसाकडे बघायचं, "माफ करा, आपण आहात," म्हणायचं आणि आकडा उपटायचा.

"नीट काढा, मुळासकट," मावशी म्हणाल्या.

पाहुणे आले तेव्हा शेवटचे दोन आकडे राहिले होते. माझं भाषण कुणी ऐकलं नाही. सगळी गर्दी पकडीभोवती. तोंडात आकडे धरलेले ते, असा एक फोटो मी तिथेच काढला. त्या संध्याकाळचा तेवढाच बरा.

पुढे तो त्यांच्याकडेच फ्रेमला दिला. परत आला तो आकड्यांसकट.

"अहो, आपण तर आहात!"

"आहे तोवर ठोकून घेतले. नंतर कोणीतरी वाकडे ठोकेल."

आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. फोटो माझ्या घरी आहे, आकडे अगदी सरळ. हार आणायला मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा फुलवाल्यापासून परत आलो.

अंगठ्याने फ्रेमची कड तेवढी पुसतो.