फोटोत डावीकडून तिसरी

तो फोटो अजून माझ्या प्रोफाइलवर आहे.

खाली स्क्रोल करा. गेल्या महिन्यातला माझा वाढदिवस. घोड नदीकाठचा गोऱ्या सायबाचा बंगला, मागे दगडी खांब, रुंद पायऱ्या आणि मधोमध मी, फेटा बांधून.

कॅप्शन होतं, ‘निराधार आज्यांसोबत वाढदिवस’. तुम्ही सगळ्यांनी हार्ट टाकले. ‘दादा, तुमच्या कार्याला सलाम’ असं लिहिलंत. मीही एकेकाला हात जोडून रिप्लाय दिला.

त्यात डावीकडून तिसरी बघा. पदरानं तोंड झाकलेली बाई, हातात सफरचंद.

ती सखूआक्का. आज सकाळी गेली.

इनामगावात आमच्या शेजारी राहायची. आई मजुरीला जायची, मी दिवसभर आक्काकडं. तिला मूलबाळ नव्हतं. माझी अंघोळ, जेवण, पाठीतला धपाटा, सगळं तिच्याच हातचं.

तेव्हा हा बंगला कायम बंद असायचा. पुण्याचे मालक सुट्टीपुरते यायचे. आक्का शेळ्या घेऊन तिकडं गेली की मला कंपाउंडच्या भिंतीवर बसवायची.

“काय दिसतंय रं आत?”

मी वाट्टेल ते ठोकून द्यायचो. झुंबर हाय, सोन्याचा पलंग हाय.

ती सगळं खरं मानायची. “येकदा आतनं बघाय पायजे बंगला,” म्हणायची.

पुढं मी भांडगावला आलो, कंपनीत लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतलं, लोक दादा म्हणायला लागले. आक्का केंदूरला भावाकडं गेली. जाऊ एकदा, भेटू एकदा, असं म्हणत वर्षं गेली. केंदूर काही अमेरिकेत नाही.

बंगला मालकांच्या मुलांनी एका ट्रस्टला दिला. आता तिथं कॅन्सरचे शेवटच्या स्टेजचे पेशंट असतात. हॉलमध्ये खाटा आहेत. सायबाच्या पंख्यासाठी छताला कड्या होत्या, त्यांना सलाईन लटकतं.

आता खरं सांगतो. आम्ही तिथं गेलो ते बॅकग्राउंडसाठी. फळवाटप सरकारी दवाखान्यातही झालं असतं. पण पोरं म्हणाली, “दादा, बंगल्याचा लूकच येगळाय.”

आत उजेड कमी होता म्हणून पेशंटना बाहेर पायऱ्यांवर आणून बसवलं.

तिथल्या सिस्टर म्हणाल्या, “दादा, ह्यातल्या निम्म्यांना गिळता येत न्हाई. सफरचंद काय करत्याल?”

मी म्हणालो, “फोटोपुरतं धरू द्या ओ.”

एका आजीच्या नाकात नळी होती. डोक्यावर केस नव्हते, गाल आत गेलेले. मिसरीनं तोंड सडलं होतं. मीच म्हणालो, “आजी, नळीवरनं पदर घ्या. फोटोत बरं दिसत नाही.”

तिनं घेतला. नीट, दोन्ही बाजूंनी.

मी सफरचंद दिलं तर तिनं माझा हातच धरून ठेवला. काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, आशीर्वाद देतेय. मी हात सोडवला आणि सगळ्यांना व्हिजिटिंग कार्डं वाटून गाडीत बसलो.

त्याच कार्डावरनं आज सिस्टरचा फोन आला. “दादा, आक्का गेली.”

मी विचारलं, “कोण आक्का?”

हे विचारलं मी.

“तुमची. इनामगावची. तुमच्या वाढदिवसाला फोटोत व्हती की.”

त्या पुढं बोलत राहिल्या. “तिनं तवाच वळखलं तुम्हाला. तिचं बोलणं आम्हाला कळायचं. मी म्हणलं, बोलवू का परत? तर म्हणली, नगं. चार माणसांत पोराची मान खाली जाईल.”

“आन् ते सफरचंद कुणाला दिलं न्हाई. उशाशी ठिवलं व्हतं. वास घ्यायची.”

मी गेलो. फेटा नाही, पोरं नाहीत. तिचा पलंग खिडकीशी होता. लोखंडी, ट्रस्टचा. खिडकीतून कंपाउंडची तीच भिंत दिसते.

आक्कानं बंगला आतनं बघितला.

केंदूरचे भाचे आले होते. त्यांच्यासोबत मीही खांदा दिला. ज्या पायऱ्यांवर तिला फोटोला बसवलं, त्याच पायऱ्यांवरनं तिला खाली आणलं. भाच्यांनी विचारलं, “तुम्ही कोण?”

संध्याकाळी हे कळल्यावर एका मित्राचा फोन आला. “दादा, फोटो उडवून टाक. लोक नावं ठेवतील.”

ठेवू देत. फोटो राहणार.

फक्त कॅप्शन बदललंय. ‘निराधार आज्यांसोबत’ खोडलं. तिला आधार होता, तो मी होतो, आणि मी फेटा बांधून फोटो काढत होतो. बाकीच्या आज्यांची नावं मला अजून माहीत नाहीत. उद्या जाऊन विचारणार आहे. आज एकच लिहिलंय.

‘डावीकडून तिसरी, सखूआक्का, इनामगाव. हिनं मला वाढवलं.’

आक्का, चार माणसांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून तू गप्प बसलीस. आज सगळ्यांसमोर मी ती खाली घातलीय.

पाया पडतो. जा आता निवांत.