गोऱ्या कुटुंबाची जत्रा

गोपाळरावांकडे काम केलेली आम्ही तिघं-चौघं भेटलो, की चहा थंड होतो आणि किस्से निघतात. एक ओढला की दुसरा त्याला चिकटून येतो, ओल्या रंगाचे कागद एकावर एक ठेवल्यासारखा. हसतो खूप. पण हसून झालं की कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही.

गोपाळराव म्हणजे सांगलीतले सिनेमाचे बोर्ड रंगवणारे पेंटर. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्यांच्या डोक्यानं घेतलं, की घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा, हातानं काढलेल्या हलत्या चित्रांचा सिनेमा काढायचा. पाच मिनिटांचा! एक कुटुंब बैलगाडीतून औंधला यमाईच्या जत्रेला जातं, एवढीच गोष्ट. एका शेठजींनी पैसे घातले, माधवनगरला गिरणीमागं शेड मिळाली, आणि आम्ही चित्रं काढायला बसलो.

*

आई, बाप, मुलगा, मुलगी. चौघंही दुधासारखी गोरी! "सावळा चेहरा पडद्यावर उठत नाही," गोपाळराव म्हणायचे. आम्ही माना डोलवायचो. जत्रेतला चोर तेवढा काळाकुट्ट. तो मात्र झकास उठत होता!

एक दिवस त्यांची आई डबा घेऊन आली. भिंतीवरची चित्रं एकेक करत बघत गेली आणि चोरासमोर थांबली. डोळ्यांना पदर लावला.

"गोपाळा, ह्यो तुझा बा न्हवं? लय हुबेहूब काढलास रं!"

त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

*

शेठजी आपल्या धाकट्या लेकीला चित्रं दाखवायला घेऊन आले. चित्रातल्या बैलगाडीत बाप, आई, मुलगा. मुलगी गाडीमागनं गठुडं घेऊन चाललेली.

"तिला का नाही घेतलं गाडीत?"

गोपाळराव लाडात म्हणाले, "गाडी भरली ना बाळ!"

"कुत्रं बसलंय की!"

शेठजी मोठ्यानं हसले. पोरगी हसली नाही.

*

लढाईचे दिवस, म्हणून जत्रेत एक सोल्जर घालायचं ठरलं. सातारकडचे एक सुभेदार आफ्रिकेतून परत आले होते, डावा हात तिकडंच ठेवून. गोपाळरावांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सकाळभर बघून बघून चित्र काढलं. चित्रात दोन हात, उंच नाक आणि गोऱ्या साहेबाची टोपी!

सुभेदारांनी चित्र हातात धरलं. "ह्यो कोन?"

"सोल्जर, सुभेदार."

"आन् आमी?"

गोपाळराव गडबडले. "तुम्ही... जत्रेतली गर्दी दाखवलीय ना मागं, तिच्यात."

"बराबर हाय," सुभेदार उठत म्हणाले. "तितंबी आमी गर्दीतच हुतो."

*

सिनेमातल्या आईला आवाज पाहिजे होता. चांगल्या घरच्या बायका सिनेमात बोलायला तयार होईनात. शेवटी तमाशात गाणारी हौसाबाई आली. माइकसमोर उभी राहून एकच वाक्य म्हणाली, "लेकरा, ऊन लागंल रं, माज्या सावलीत ये." शेठजींनी चष्मा पुसला!

मग नावांची पाटी रंगवायची वेळ आली. शेठजी म्हणाले, "घरंदाज लोकांनी बघायचा सिनेमा आहे. तिचं नाव नको."

हे तिला सांगायचं काम गोपाळरावांवर आलं. ते खाली बघून बोलत राहिले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आई चालती. हौसा न्हाई चालत व्हय?"

पाटी मीच रंगवली. अक्षरं सुरेख आली होती.

*

सिनेमात हसू पाहिजे म्हणून एक धनगर घातला होता. येडाबागडा, दात पुढं आलेले. मेंढरं त्याला ढुशा देतात, तो चिखलात पडतो, उठतो, परत पडतो. शेठजींचा सगळ्यात आवडता शॉट!

गावोगाव तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या एकानं मोठ्या सिनेमाच्या आधी आमची पाच मिनिटं लावायचं कबूल केलं. गाव निघालं जतकडचं. दिवस कलताना आम्ही तंबूत डोकावलो, तर सगळी घोंगडीवाली धनगर माणसं! गोपाळरावांचा चेहरा उतरला. "धनगराची पट्टी तेवढी कापता येईल का रे?" त्यांनी मला विचारलं. तोवर मशीन सुरू झालं होतं.

धनगर पडला आणि तंबू हसून हसून फुटतो की काय असं झालं. दुसऱ्यांदा पडला तेव्हा एक म्हातारा मांडीवर थाप मारून मारून हसत होता. गोपाळरावांनी माझा हात घट्ट धरला होता, तो सोडला.

खेळ सुटल्यावर तोच म्हातारा हातात दुधाचा तांब्या घेऊन आमच्याकडं आला.

"तुमीच काडलं व्हय? लय झ्याक! दूध घ्या." मग गोपाळरावांच्या शेजारी टेकला. "पर एक सांगा पावणं. त्यो चिकलात पडनारा येडा कुनातला वो?"

गोपाळरावांनी तांब्या हातात घेतला.

"आमच्यातला, बाबा," ते म्हणाले.

म्हाताऱ्याचं हसू गेलं. त्यानं गोपाळरावांच्या पाठीवर हात ठेवला.

"मंग असं करू न्हाई गड्या. आपल्या मानसाला असं पाडत न्हाईत."