मामांनी तपासलेला कॅमेरा

कुणावरही विश्वास न ठेवता माणूस सत्तर वर्षं सुखाने जगू शकतो, हे ज्याला पटत नसेल त्याने मिठबावला येऊन माझ्या मामांना भेटावं. मात्र येण्याआधी आपण कोण, कुणाच्या ओळखीने आलो आणि वाटेत गाडी कुठे कुठे थांबली, याची उत्तरं तयार ठेवावीत. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, आमच्याकडेच राहतात. एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्या डोळ्यांपर्यंत अजून पोचलेली नाही. आजही बसमध्ये चढले की ते शेवटच्या बाकावर बसतात आणि पुढच्या डोक्यांवर लक्ष ठेवतात. "तिसऱ्या बाकावरचो बघ गो, झोपेचा सोंग घेतल्यान," मला कोपराने ढोसून म्हणतात. "खरो झोपलेलो माणूस वळणावर गाडीवांगडा कलंडता. ह्येची मान बघ, कशी सरळ आसा." तो बिचारा झोपला काय नि जागा राहिला काय, मामांना आता त्याच्याकडून काहीच नको असतं. पण आचरा येईपर्यंत त्या मानेवरची त्यांची नजर हटत नाही.

मामा मासे आणायला निघाले की आई न विचारता डाळ शिजत घालते. कारण मामा माशाचा डोळा बघतात, कल्ला उचलतात, वास घेतात आणि एवढं करून विचारतात, "कधीचे?" मासेवाली म्हणते, "सकाळचे." मामा म्हणतात, "खंयच्या सकाळचे?" मग ती बोट कुणाची, तांडेल कोण, हे सगळं विचारून मामा त्या तांडेलाला शोधायला किनाऱ्यावर जातात. तांडेल सापडतो, बांगडे खरोखरच आजचे निघतात, आणि मामा समाधानाने परत येतात तोपर्यंत पाटी रिकामी झालेली असते. ते दुरून दिसले तरी बायका एकमेकींना हाका मारतात, "चेकर इले गो! बांगड्यांका तिकिटां देवन ठेवा!" मामांना याचं वाईट वाटत नाही. आपण येतोय म्हटल्यावर माणसं सावध होतात, हा ते आपला विजय मानतात.

देवाच्या बाबतीतही फारसा फरक नाही. आमच्याकडे मोठं काम काढण्याआधी देवळात कौल लावतात. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडची पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. मामांनी घराच्या पूर्वेला विहीर खणू का म्हणून विचारलं. उजवी पडली. दुसरा कुणीही नमस्कार करून घरी गेला असता. मामांनी लगेच दुसरा कौल लावायला सांगितला, की मग पश्चिमेला खणू नको ना? गुरव हात जोडून म्हणाला, "दादानू, देवाची उलटतपासणी करतास?" मामा शांतपणे म्हणाले, "देवाचो भरवसो आसा. पाकळेचो नाय. उजवीक तू पाणी कमी लावलंस."

अशा माणसाच्या हातात माझा कॅमेरा अडकला होता.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे कॅमेरा कसा निवडावा हे विचारायला घरात कुणी नव्हतं, आणि कॉलेजात विचारायची मला लाज वाटायची. दोन हंगाम बाबांबरोबर आंब्याच्या पेट्या भरून मी थोडे पैसे साठवले होते. बाबांनी नाही म्हटलं नाही, पण एक अट घातली. "तू शिकलंस खरा, पण दुकानदारासमोर उभी रवलंस की तुझो आवाज भायर पडणा नाय. मामाक घेवन जा. तो होय म्हणालो तर घे." मी हो म्हटलं आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही. कारण मामांनी जन्मात कशालाही पहिल्या फटक्यात हो म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मामांचा पहिला प्रश्न मला अपेक्षित होता. "फोनात फोटो येतत. मगे ह्यो कॅमेरो कित्याक?" मी रात्रभर उत्तर पाठ केलं होतं, लेन्स, उजेड, बारकावे वगैरे. ते सगळं विसरून मी म्हणाले, "मामा, आई आमसुलां सुकत घालता, बाबा पेटयेत गवत पसरतत, ता माका नीट बघूक होया. फोनात ता पटकन होता आणि पटकन निघान जाता." मामा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, माझीही मान सरळ आहे की कलंडते ते बघतायत. मग म्हणाले, "बरा. पण घाय करू नको."

मग ते अभ्यासाला लागले. मेगापिक्सेल म्हणजे काय हे मी अर्धा तास समजावलं. त्यांनी निष्कर्ष काढला, "जो मोठो आकडो आधी सांगता, तो कायतरी लपयता." लांबचं जवळ आणणाऱ्या झूमविषयी म्हणाले, "आपणाक लांबचा काय करूचा आसा? आवस घरात आसा." मला हसू आलं, पण नंतर वहीत लिहिताना लक्षात आलं, की माझ्यासारखीला रोजच्या फोटोंसाठी साधी, उजेड जास्त घेणारी एक लेन्स पुरेल हे जे मी महिनाभर व्हिडिओ बघून शिकले, तेच मामांनी आईचं नाव घेऊन एका वाक्यात सांगितलं होतं. नवा कॅमेरा परवडणारा नव्हताच. जुना घ्यायचा, तर विकणाऱ्याचं तोंड बघून घ्यायचा, हा मामांचा नियम. त्यामुळे ऑनलाइनचा विषय संपला.

पहिला कॅमेरा कणकवलीच्या एका दुकानात बघितला. दुकानदार मला म्हणाला, "ताई, एकदम घरगुती वापर. डोळे झाकून घ्या." डोळे झाकून हे शब्द ऐकताच मामांनी खिशातून बॅटरी काढून पेटवली. कॅमेऱ्याचं त्यांना काही कळत नव्हतं, पण लेन्स तिरकी धरून, सुक्या खोबऱ्याची वाटी बघावी तशी त्यांनी आतून बघितली. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे होते.

"बुरशी," मामा म्हणाले.

"अहो काका, धूळ आहे ती. पुसली की जाते."

"धुळीक मुळां नसतत," मामा म्हणाले आणि लेन्स काउंटरवर ठेवून पायऱ्या उतरले. मी घेतलाच असता तो कॅमेरा. आमच्या दमट हवेत चार पावसाळे कपाटात राहिला की लेन्सला बुरशी धरते, हे मला नंतर कळलं. मामांना ते खोबऱ्याने शिकवलं होतं.

दुसरा कॅमेरा लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाचा. "फारसा वापरलाच नाही," असं तो म्हणाला. कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले त्याचा आकडा कॅमेऱ्यातूनच काढता येतो, हे मी मामांना हळूच सांगितलं. मामा खुर्चीवरून उठलेच. "म्हणजे किती चललो ता ह्यो स्वतः सांगता?" यंत्राविषयीचा आदर त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. आकडा निघाला तो अर्ध्या जिल्ह्याची लग्नं लागल्यासारखा. त्यानंतर आणखी दोन कॅमेरे मामांनी असेच परत पाठवले, एक तर मालकाने तीनदा शपथ घेतली म्हणून. पाच महिने गेले. मामा बरोबरच होते, आणि तरी मला रडू यायचं.

मग कॉलेजातल्या सरांनी मालवणच्या एका गुरुजींचं नाव सांगितलं. निवृत्त चित्रकला शिक्षक, कॅमेरा जपून वापरलेला, लेन्स मला हवी तीच. किंमत फोनवर ऐकली तेव्हा मला आनंद झाला आणि मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इतक्या कमीत? मगे कायतरी आसाच." सोमवारी गोव्याहून दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. आम्हाला रविवारच होता. माझ्या पैशांत बसणारा असा कॅमेरा पुन्हा मिळाला नसता, हे मला माहीत होतं.

गुरुजींनी ओटीवर बसवलं. हात मांडीखाली दाबून ते अगदी ताठ बसले होते. मामांनी बॅटरी मारली, काच स्वच्छ. आकडा बघितला; थोडा. मामा अधिकच अस्वस्थ झाले. दोष सापडला की त्यांना बरं वाटतं. "कार्डावरचे शेवटचे फोटो दाखवा," ते ऑफिसच्या मराठीत म्हणाले. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो लावले. शेवटचे सगळे हललेले होते. तुळस हललेली, मांजर हललेलं, खिडकीसुद्धा हललेली.

"नातवाने काढलेत," गुरुजी म्हणाले. मी तीच खिडकी टिपली. फोटो सुरेख, स्वच्छ आला.

"मग विकता कशाला?" मामांनी विचारलं.

"नवा मोठा घ्यायचा आहे."

गुरुजींच्या पत्नीने, काकींनी, चहा आणून ठेवला. आम्ही प्यालो. गुरुजींच्या कपावर साय धरली, त्यांनी त्याला हात लावला नाही. मामा ते बघत होते. मग पाणी हवं म्हणून ते काकींच्या मागोमाग आत गेले. एकत्र प्रवास करणाऱ्या दोघांना वेगवेगळं गाठून "खंय चढलास?" विचारायचं, ही मामांची नोकरीतली जुनी रीत. दोन उत्तरं वेगळी आली की माणूस पकडला गेला. ते बाहेर आले तेव्हा त्यांची उजवी भुवई वर चढलेली होती. म्हणजे उत्तरं वेगळी होती. कॅमेरा गेला, असं मी मनात म्हटलं आणि पिशवी उचलली.

मामा बसले. "कॅमेरा घेतो," म्हणाले. "पण गुरुजी, माझा स्वभाव संशयी. सहा महिने दर महिन्याला ही पोरगी तुम्हाला फोटो आणून दाखवणार. प्रत्येक फोटो तुम्ही तपासायचा. दोष निघाला तर कॅमेरा परत."

"दोष निघणार नाही," गुरुजी म्हणाले.

"ते तुम्ही तपासल्यावर ठरेल."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "मामा, काकी काय म्हणाली?"

"पाणी गोडा आसा म्हणाली," मामा म्हणाले आणि तोंड खिडकीकडे फिरवून झोपले. वळणावर त्यांची मान अगदी सरळ होती.

काकींनीच मला पुढच्या महिन्यात स्वयंपाकघरात सांगितलं. गुरुजींचे हात वर्षभर थरथरतायत. पेन्सिल सुटली, मग कॅमेरा सुटला. नातू मुंबईला असतो, दोन वर्षांत आलेला नाही. "तुझ्या मामाक सगळा खरा सांगलंय मी. मगे म्हणालो, माका सांगलास ता गुरुजींका कळू देव नकात."

सहा महिने मी गेले. गुरुजी फोटो हातात घेत नाहीत, मी धरते, ते बोलतात. "इथे आईचा हात कापलास. उजेड मागून आलाय, तू पुढे का उभी राहिलीस?" एकेका फोटोला पाव तास. मी घरी आले की चप्पल काढायच्या आत मामा विचारतात, काय म्हणाले? मी शब्दन् शब्द सांगते.

परवा मी म्हटलं, "मामा, मुदत संपली. सहा म्हयने झाले."

मामांनी भुवई चढवली. "सगळे फोटो बरे म्हणाले?"

"नाय. दोन वायट म्हणाले."

"मगे? दोष आसा तर! माका अजून खात्री नाय. पुढच्या म्हयन्यातय जा."

मी वाद घातला नाही. गेल्या खेपेला काकी गुरुजींना चहा बशीतून पाजत होत्या, आणि गुरुजी बशीच्या वरून माझ्या हातातल्या फोटोंकडे बघत होते. मामांची खात्री इतक्यात पटू नये, असं मला हल्ली फार वाटतं.